कपाटामागची बुरशी

मी गाव सोडलं त्या दिवशी माझा प्रकाश भाड्याची गाडी घेऊन आला होता. दोन गोधड्या, ट्रंक आणि ज्वारीचं पोतं गाडीत टाकलं आणि दाराला कुलूप लावलं. वत्सला, तू माझी धाकटी जाऊ, तू पदर तोंडाला लावून रडलीस. मी रडले नाही. नवरा गेला होता, गुडघे गेले होते, मुलगा, प्रकाश, पुण्याला बोलवत होता. तू म्हणालीस, "आक्का, तिकडं सुखात ऱ्हावा." सहा वर्षं झाली. ते सुख कसं आहे ते सांगते. ज्यांची मुलं पुण्यात फ्लॅट बघतायत त्यांनाही वाचून दाखव.

हडपसरला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आपल्याकडं पाणी डोक्यावरून आणायचं, इथं भिंतीतल्या पाइपातून येतं. पाइपातून ते भिंतीतही उतरतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझी नात ईरा सात वर्षांची. आतल्या खोलीत माझ्याजवळ झोपते. दोन वर्षं तिला खोकला. प्रकाश म्हणाला, "आई, तुझ्या मिश्रीचा धूर आहे हा." तव्यावर तंबाखू भाजली की धूर होतो, खरं आहे. पन्नास वर्षांची मिश्री सोडली. खोकला काही सुटला नाही. सून स्नेहलनं पडदे काढले, उदबत्ती बंद केली. तरी तेच. मग उन्हाळ्यात तीन आठवडे ईराला गावी आणलं. तू बघितलंसच, दिवसभर चिंचेखाली पळायची, एकदा खोकली नाही. पुण्यात परतलो आणि चौथ्या दिवशी पुन्हा सुरू.

मी म्हटलं, "प्रकाश, खोली बघ." तो म्हणाला, "पुण्याची हवाच खराब आहे. तुला काय कळतंय त्यातलं?" चौथी शिकलेल्या बाईला काय कळणार! पण नाक आहे. ईराच्या शाळेच्या कपड्यांना भिजलेल्या कडब्याचा कुबट वास यायचा. आमचे वडील सांगायचे, "बुरशी धरलेला कडबा गुरांना घालू नका, धाप लागते." आम्ही तो लांब नेऊन जाळायचो. इथं पोरगी त्याच वासात झोपत होती.

स्नेहलनं आणि मी कपाट ओढलं. मागं भिंतीवर हाताएवढे काळे-हिरवे डाग, आणि रंगाचे पापुद्रे सुटलेले. त्या भिंतीपलीकडं बाथरूम. आणि कपाट तिथं ठेवायला लावलं कुणी? मीच. जड कपाट नैऋत्येलाच आणि भिंतीला चिकटूनच हवं, असा वास्तुशांतीला हट्ट धरला होता. स्नेहल तेव्हा म्हणाली होती, "आई, मागं हवा राहू दे." मी ऐकलं नाही.

पुढचं त्याहून वाईट. मी केरसुणी घेतली आणि कोरडीच भिंत खरवडली. ईरा पलंगावर चित्र काढत बसली होती. संध्याकाळी तिला श्वास घेता येईना. बरगड्या आत जात होत्या. दवाखान्यात तोंडाला मास्क लावून वाफेचं औषध दिलं, तेव्हा कुठं ती बोलली. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आजी, बुरशी कोरडी झाडलीत? म्हणजे सगळी तिच्या छातीत पाठवलीत." त्यांनी सांगितलं, बुरशीचे कण हवेतून छातीत जातात. सगळ्यांना बाधत नाहीत, पण हिला दमा आहे, हिला बाधणारच. "औषध मी देईन, पण आधी पाणी थांबवा. वरून रंग मारू नका, बुरशी त्यातूनही वर येते."

प्लंबरनं बघून सांगितलं, ओल वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या पाइपातून येते. वरचे गृहस्थ दारातूनच म्हणाले, "आमच्याकडे तर कोरडं आहे."

मी म्हटलं, "असणारच. तुमचं पाणी आमच्याकडं राहायला आलंय."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की हा दोन घरांचा आपसातला प्रश्न आहे. प्रकाश तेवढं ऐकून परत आला. मग मी रोज सकाळी दहाला वरची बेल वाजवायला लागले. "अहो आजी, आज पुन्हा?" "ओल आज पुन्हा आहे." गुडघे दुखायचे, तरी जायची. महिना असाच गेला. शेवटी ते वैतागून खाली आले. मी त्यांचा हात धरून भिंतीवर टेकवला. त्यांनी हाताचा वास घेऊन बघितला आणि हात धुवायला गेले. त्याच आठवड्यात त्यांनी पाइप बदलला. आता आमचा गिलावा काढलाय. भिंत सुकतेय, पण फार हळू. ईरा आणि मी हॉलमध्ये झोपतो. तिच्या उशाजवळ दम्याचा पंप असतो, पण या महिन्यात दोनदाच लागला.

वत्सला, तू फोनवर म्हणालीस, "आक्का, एवढा वैताग आहे तर या की घरी." आपलं घर कोरडं आहे, भिंती धड आहेत, मला माहीत आहे. पण तिथं कुणी खोकत नाही, मी तिथं काय ऐकत बसू? सध्या ईराचा श्वास जिथं आहे तिथं माझं घर, मग ते कितीही ओलं असो. दिवाळीला माझी वाट बघू नका.