चिमण्यांची पोटं

आत्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं तेव्हा ती आमच्या जिन्यात दोन मजल्यांच्या मधल्या जागेत उताणी पडली होती. मी शाळेत शिकवून घरी येत होते. मला वाटलं, पोरीला भोवळ आली.

"पाणी आणू का गं?"

"नको बाई. जरा उजेडातून बाजूला व्हा. पोटं बघतेय."

वर कठड्याला कापडी चिमण्यांचं चिमणाळं टांगलं होतं. पाळण्यावर बांधतात तसं, पण दुकानातल्यासारखं झुपकेदार नव्हे. वेताच्या पातळ काड्या एकीखाली एक लटकत होत्या आणि त्यांच्या टोकांना सात चिमण्या संथ फिरत होत्या.

"दुकानातल्या चिमण्या बाजूने देखण्या असतात," ती पडल्यापडल्याच म्हणाली. "बाळ बघतं खालून. त्याच्या वाट्याला नुसती शिवण."

तिच्या सातही चिमण्यांची पोटं वेगवेगळ्या रंगांची होती, आणि शिवण पाठीवर होती.

ती वरच्या मजल्यावर भावाकडे राहायची. आईवडील लवकर गेले, भावाने वाढवलं. वहिनीच्या पहिल्या बाळंतपणाला हाताशी कुणी हवं म्हणून गावच्या घरातून इथे आली, तेव्हा सव्वीस वर्षांची होती. बाळाने तिला आत्या म्हणायच्या आधीच सगळी इमारत तिला आत्या म्हणायला लागली. दूधवाला तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, तोही आत्याच म्हणायचा. तिचं खरं नाव मला पुढे एका पाकिटावर वाचायला मिळालं.

चिमणाळी ती मधल्या खोलीत करायची. त्या खोलीला खिडकी नव्हती. काड्यांचा तोल साधायचा तर वारा नको; पंखासुद्धा बंद. सगळ्यात खालच्या काडीपासून सुरुवात करायची, दोऱ्याची गाठ तिळाएवढी इकडे, तिळाएवढी तिकडे सरकवायची, जमली की वर डिंकाचा थेंब. त्या वेळी ती श्वाससुद्धा बेताने घ्यायची. भाऊ कौतुकाने सांगायचा, "आमच्याकडे खिडकीच्या खोल्या दोन आहेत, पण हिच्या कामाला हीच बरी." तो चांगला माणूस होता. त्याला यात काही वावगं दिसत नसे.

ते पाकीट आलं परगावच्या एका खेळण्यांच्या कारखान्यातून. तिथल्या मालकीणबाईंनी कुणाच्या तरी पाळण्यावर आत्याचं चिमणाळं पाहिलं होतं. कारखान्यात चिमणाळ्यांचा वेगळा विभाग काढायचा होता, तो आत्याने सांभाळावा. आणखी दोघींबरोबर राहायला खोली मिळेल. ते पत्र घेऊन आत्या माझ्याकडे आली. "त्यांनी काय लिहिलंय बघा, बाई. कामाचं टेबल खिडकीशी आहे."

घरी वहिनी म्हणाली, "जा की. तुला काय कुणी बांधून ठेवलंय? एवढे हिचे दात येऊ देत." दात आले. दुसरं पत्र आलं तेव्हा वहिनीला पुन्हा दिवस गेले होते. तिसऱ्या पत्राच्या वेळी धाकटी सात महिन्यांची होती. मालकीणबाईंनी स्पष्ट लिहिलं होतं: सोमवारी हजर व्हा, नाहीतर मी दुसरी बघते.

"घरी काय सांगू, बाई?"

"सरळ सांग, मी जाते म्हणून."

"जाते कसं म्हणू? घरातून निघताना कुणी जाते म्हणतं का?"

बत्तीस वर्षं मी मुलांना क्रियापदं शिकवली. या क्रियापदाची ही अडचण एकाही पुस्तकात नव्हती.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम दार उघडं ठेवून बसले. वरून तिचा आवाज आला, "वहिनी, येते."

"ये. आणि येताना दूध आण गं, सकाळचं नासलं."

दर सोमवारीच ती बांधलेली चिमणाळी एका दुकानात विकायला नेऊन द्यायची. खांद्यावर रोजचीच मोठी पिशवी. तिच्यात आज चिमण्यांच्या जागी कपडे आहेत, हे वहिनीला कळावं तरी कसं?

आत्या खाली आली. मी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"येते म्हणाले."

तिने खांद्यावरची पिशवी सावरली. मग ती म्हणाली, "धाकटीला अकराला दूध लागतं."

"मी नेऊन देते. तू नीघ. गाडी चुकेल."

ती फाटकातून बाहेर पडली आणि कोपऱ्यावरून वळली. मी पायांत चपला अडकवून दूध आणायला निघणार, तेवढ्यात ती परत येताना दिसली. एका हातात दुधाच्या दोन पिशव्या होत्या.

"तुम्ही दूध नेलं असतं," जिन्याशी थांबून ती म्हणाली, "पण वहिनीने विचारलं असतं, आत्या कुठेय? तुम्हाला खोटं बोलता येत नाही, बाई."

"खरं सांगितलं असतं."

"तेच म्हणते मी." आणि ती वर गेली. वरून वहिनीचा आवाज आला, "आलीस? किती लवकर आलीस गं, गुणाची माझी."

चौथं पत्र आलं नाही. मीही तो विषय कधी काढला नाही. त्या दिवशी तिच्या हातातलं दूध मी हिसकावून घ्यायला हवं होतं, असं पुष्कळदा वाटतं. पण मी पडले शिस्तीची बाई. हिसकावणं मला कधी जमलंच नाही.

भाऊ आता निवृत्त झाला आहे. दोन्ही भाच्या शिकून परगावी नोकरीला गेल्या. खिडकीच्या दोन खोल्यांपैकी एकीत आता त्यांचं जुनं सामान असतं. वहिनीचे गुडघे गेल्यामुळे दोन्ही वेळचा स्वयंपाक आत्या करते, आणि दुपारी दोन ते चार मधल्या खोलीत, पंखा बंद करून, चिमणाळी बांधते.