दुसऱ्या फाइलीतलं नाव

आमच्या कंप्युटरच्या खोलीत धूळ चालत नसे, म्हणून दाराशी चपलांचा ढीग पडायचा. किस्सेही तसेच साठतात. उपसायला बसावं, तर तळातून आपलीच तुटकी चप्पल निघते!

उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मी शिपाई होतो. शाळा चौथीपर्यंत. पंपाचे लोखंडी भाग ओतायच्या कामाच्या हिशेबासाठी मालकांनी कंप्युटर घेतला, तेव्हा तिथं तिघं प्रोग्रामर होते. थोरले जोशी साहेब, राधानगरीकडचे बाजीराव पाटील आणि नव्यानं लागलेल्या सुनंदा मॅडम.

मॅडम म्हणजे माझी मुलगी. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं, "बाई, हितं आबा म्हणू नगंस. सगळी मला मामा म्हणत्यात, तूबी मामाच म्हण." अजून तिला कायम करायचं होतं. शिपायाची पोर म्हणून कुणी हसू नये, एवढंच माझ्या मनात.

तिला पहिला चहा दिला तेव्हा ती हळूच "थँक्यू, मामा" म्हणाली. दोघंही फरशीकडं बघत होतो.

*

प्रोग्राम एकच, पण तिघांनी तीन फाइलींत वाटून घेतलेला. एकाची वस्तू, म्हणजे एखादा आकडा नाहीतर हिशेब, दुसऱ्याला लागायचीच. पाटलांचं मशीन रोज अडायचं. शेवटी जोशी साहेब म्हणाले, "अहो, वस्तू दुसऱ्या फाइलीत असली, तरी आपल्या फाइलीत तिचं नाव सांगावं लागतं. नाहीतर आपलं लिहिलेलं तपासणारा कंपायलर म्हणतो, हा कोण? मी ओळखत नाही!"

पाटलांनी मनावर घेतलं, आणि नुसतं नाव सांगायच्या जागी वस्तूच नव्यानं केली! फाइली एकत्र जोडताना मशीन परत अडलं. एका नावाचे दोघे!

"मग काय झालं, साहेब? आमच्या गल्लीत चार शिवाजी हाइत. गाव अडलंय व्हय?"

"गल्लीतला पोस्टमन तोंड ओळखतो, पाटील. मशीन फक्त नाव ओळखतं!"

सगळे हसले. मीही हसलो. मग मनात आलं, कुणी माझं आणि सुनंदाचं तोंड शेजारी शेजारी बघितलं तर? नाक तर तेच. ट्रे उचलून मी भिंतीकडं वळलो.

*

एकदा कागद छापून आला. पंपाच्या एका झाकणाचं वजन मालाच्या ट्रकपेक्षा जास्त!

छापायचं काम सुनंदाच्या फाइलीत होतं. जोशी साहेबांनी कागद तिच्यापुढं आपटला. "मॅडम, हे झाकण उचलायला क्रेन मागवू का?"

ती कागदावरचे आकडे परत तपासू लागली. मी शेजारी खरकटे कप गोळा करत होतो. बाप असून एक शब्द काढता आला नाही. कप तेवढे वाजले.

दुपारी उलगडा झाला. वजनाचा आकडा तिघांच्या सामाईक होता. पाटलांनी आपल्या सोयीसाठी त्याचे किलोचे ग्रॅम केले आणि परत किलो करायचे विसरले! तेच उठून म्हणाले, "साहेब, सामाईक हिरीत म्हस मी धुतली, आन् गढूळ पाणी ताईंच्या वाट्याला!"

*

त्यानंतर पाटलांनी धसकाच घेतला. आपल्या प्रत्येक फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या एकेका तुकड्याला, 'स्टॅटिक' हा शब्द लावून टाकला. मग एकही फंक्शन दुसऱ्या कुणाला सापडेना!

"हाय की हितंच, डोळ्यासमोर!"

"तुमच्या डोळ्यासमोर, पाटील," सुनंदा म्हणाली. "बाहेरून ते नाहीच."

त्या रविवारी ती माहेरी आली होती. मी विचारलं, ते स्टॅटिक म्हणजे काय गं?

"ज्याला लावलं ते घरापुरतंच, आबा. बाहेर कुणाला दिसत नाही."

"बरं हाय की मग!"

तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या ताटात भाकरी वाढली.

*

तिला कायम करायचं ठरायच्या दिवशी मालक स्वतः आले. बरोबर पुण्याचे पाहुणे. सुनंदा मशीनपाशी उभी राहून सगळं समजावत होती. आवाज कसा खणखणीत! तिच्याकडं बघत चहा घेऊन गेलो, आणि पाय वायरीत अडकला. कप फुटले. चहा माझ्या हातावर आणि पाहुण्यांच्या बुटांवर.

"मामा!" जोशी साहेब ओरडले. "अक्कल कुठं ठेवून आलात?"

मी बूट पुसायला खाली वाकलो. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरून मला उठवलं.

"आबा, हात बघू. भाजलं का?"

मी मानेनं तिला नको नको म्हणत होतो.

मालकांनी चष्मा वर केला. "हे कोण?"

सुनंदानं तांब्यातलं पाणी माझ्या हातावर धरलं आणि जोशी साहेबांकडं बघून म्हणाली, "माझे वडील. आहेत ते आधीपासूनच, सर. इथं नाव सांगायचं तेवढं राहिलं होतं."