गाभाऱ्याचं माप

टेपचं एक टोक माझ्या हातात होतं. दुसरं टोक घेऊन माझी मैत्रीण गाभाऱ्यात गेली होती. मी उंबरठा ओलांडणार तेवढ्यात अप्पांनी दारात हात आडवा केला.

“हे आमच्या गावची पोरगी हाय, सर,” ते आमच्या सरांना म्हणाले. “इले रीत मालूम हाय. बाकीच्यायले जाऊ द्या.”

आवाज चढला नव्हता. चहाला बोलवावं तसा होता.

अप्पा देवळाचे विश्वस्त. आम्ही मातंग. मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला, आणि आमचा अख्खा वर्ग जानेफळच्या बाजूला, माझ्या गावी, जुन्या दगडी देवळाची मापं घ्यायला आला होता. देऊळ मीच सुचवलं होतं. सगळ्यांसमोर हात वर करून. चुन्याशिवाय रचलेलं, खाचेत खाच बसवलेलं, दगडाच्या वजनानंच उभं असलेलं देऊळ आमच्या गावात आहे, सर. मला वाटलं होतं, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र दिसलं की गाव मला वेगळ्या नजरेनं बघेल. हौस भारी होती. चांगलीच अंगलट आली.

वर्गात अठरापगड जातींची मुलं होती. एकालाही अडवलं नाही. ती परगावची, त्यांना कोण विचारणार? माझी जात विचारायची गरजच नव्हती. मी गावची होते.

मी सरांकडे बघितलं. सरांनी घड्याळाकडे. “वाद नको,” ते म्हणाले. “परवानगी गेली तर सगळ्यांचं काम बुडेल. तू बाहेरून गोमुखाचं ड्रॉइंग कर. तेही महत्त्वाचंच आहे.”

गोमुख म्हणजे देवाच्या आंघोळीचं पाणी उत्तरेच्या भिंतीतून जिथे बाहेर पडतं, ते दगडी तोंड. आमचं सगळं देवदर्शन तिथंच. श्रावणी सोमवारी आमच्या बायका तांब्या घेऊन त्या तोंडाखाली उभ्या राहतात. आत घंटा वाजते, मग पाणी येतं. आई ते स्वतःच्या डोळ्यांना लावायची, मग माझ्या. लहानपणी मला वाटायचं, देवानं आपल्यासाठी वेगळा नळ ठेवलाय. किती खूश असायचे मी. आता आठवलं की अंगाची आग होते.

मी गेले. खोटं कशाला बोलू, गुमान गेले. शीट पसरली आणि गोमुख काढू लागले. झिजलेले ओठ, खालचं दगडी कुंड. मग सेक्शन घेतला. सेक्शन म्हणजे देऊळ उभं चिरून दाखवायचं, पाणी आत कुठून निघतं, किती उतारानं येतं ते. बाहेरून सुरू केलेली रेघ भिंतीपर्यंत आली आणि थांबली. आतलं मला ठाऊक नव्हतं. आईलाही नाही, आजीलाही नव्हतं. पिढ्यानपिढ्या ते पाणी डोळ्यांना लावलं, आणि ते निघतं कुठून हे बघितलेलं आमच्यात एक माणूस नाही.

मैत्रिणीला विचारून आकडा भरता आला असता. सर तेच म्हणाले असते. मी पेन्सिल खिशात घातली आणि उठले.

सभामंडपात अप्पा खांबाला टेकून बसले होते. ते उठेपर्यंत मी आत होते.

“ए पोरी, काऊन आली आत? बाहेर हो.”

“मोजून राह्यली,” मी म्हणाले. “झालं की निघीन.”

मैत्रिणीनं टेपचं टोक माझ्या हातात दिलं. मी गुडघे टेकून, पाणी गोमुखाकडे नेणाऱ्या दगडी नाळीचं माप घेतलं. खात्रीसाठी पुन्हा घेतलं. बाहेर खांबांवर, छतावर नक्षीनं बोटभर जागा सोडलेली नाही. आत नुसत्या साध्या भिंती. अंधार, ओल आणि दगड. एवढ्यासाठी आम्हाला बाहेर ठेवलं होतं?

कोणी म्हणतं, हे दगड तुमच्याच पूर्वजांनी वाहिले असतील. असतील. नसतीलही. दारातून आत जायला मला पूर्वजांची शिफारस लागत नाही.

मी बाहेर पडले आणि अप्पांनी गाभारा धुवायला लावला. मी गोमुखापाशी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं ते पाणी आलं. माझ्या पायांचा विटाळ धुतलेलं पाणी त्यांनी आमच्याच बाजूला सोडलं होतं. मी त्याला हात लावला नाही.

घरी पोचायच्या आधीच बातमी आईपर्यंत पोचली होती. “आपल्याले याच गावात राह्यचं हाय, माय,” ती म्हणाली. ती घाबरली होती. मला आधी तिचा राग आला. मग तिला असं घाबरवून ठेवणाऱ्यांचा आला, तो अजून गेलेला नाही.

“म्हणूनच गेली,” मी म्हणाले.

श्रावणात मी गावी येणार आहे. तांब्या घेणार नाही, गोमुखाकडे वळणार नाही. पहिल्या सोमवारी, भर गर्दीत, पुढच्या दारानं आत जाईन. आई आली तर तिचा हात धरून, नाही आली तर एकटी. कोणी आडवं आलं तर ठाण्यात नावानिशी तक्रार देईन. गाभारा धुतला तर पुढच्या सोमवारी पुन्हा जाईन. अप्पांनी बादल्या भरून ठेवाव्यात.