भाटाच्या वहीतला दादा

हे मी आजपातूर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोलाबी न्हाई. तुमालाच का सांगतोय, ते नका इचारू राव.

आमच्या आण्याच्या पठारावर चार-पाच वर्सांनी भाट येतो. घराघराची वंशावळ त्याच्या वहीत. ओसरीवर घोंगडी टाकायची, समदं घर गोळा व्हायचं, अन् तो मूळ पुरुषापासून नावं वाचत पाळण्यातल्या पोरापातूर येतो. आमा शेतकऱ्यांचं दुसरं दप्तर ते कुठलं? तीच वही.

माजा थोरला भाऊ, दादा. जत्रेत आमटी-भाकरी आधी मला वाढायचा, मग सोता जेवायचा. त्यानं आंबेगावच्या डोंगरातली बायको केली — आमच्या जातीतली न्हवं. आबांनी, आमच्या बापानं, त्याच्याशी बोलणं टाकलं. मग आबा गेले, अन् वर्साच्या आत दादाबी तापानं गेला. वहिनी तान्ह्या सुमनला घेऊन माहेरी निघून गेली.

त्या साली भाट आला. म्हणाला, "आता लेकींचीबी नावं लिवतो. थोरल्याला पोरबाळ?"

माज्यावर कुणाचा दाब न्हवता — हे ध्यानात ठेवा. पण इहिरीजवळचं रान डोळ्यापुढं आलं. उद्या ही पोरगी वाटा मागंल... मी म्हणालो, "न्हाई." त्यानं लिवलं, निर्वंश. पुढंबी तो येत ऱ्हायला, वाचत ऱ्हायला. मी मान खाली घालून ऐकायचो.

औंदा दिवाळीनंतर भाट आला, अन् त्याच दिवशी सुमन दारात. कुणीतरी तिला सांगितलेलं, तुज्या बापाचं नाव वाचत्यात. कडेवर लेकरू, पिशवीत आमच्यासाठी घरचे तांदूळ. वाटा? अवो, तिला नुसतं नाव ऐकायचं व्हतं!

दादाचं नाव आलं तशी ती सावरून बसली. लेकराला म्हणाली, "ऐक, तुजा आजा." अन् भाट पुढं वाचून गेला, "निर्वंश."

मला तिच्याकडं बघवंना. तीच म्हणाली, "असू दे काका. लिवायचं ऱ्हायलं असंल."

भाटानं पेन उघडलं, माज्याकडं बघितलं. घरातलं मोठं माणूस सांगंल तेच तो लिवतो. एक नाव घ्यायचं व्हतं फक्त — अन् मी? मी चहा सांगायला आत गेलो.

भाईर आलो तवा वही बासनात बांधलेली व्हती. सुमन लेकराला घेऊन यष्टीला गेली व्हती. तांदळाची पिशवी ओसरीवरच व्हती.

ते तांदूळ आमी महिनाभर खाल्ले.