राखून ठेवलेली खुर्ची

जळगावच्या वाचनालयात तो माझ्या शेजारी बसायचा. एआय मदतनीसांना सर्व्हरवर जागा वाटून देणं हे त्याचं काम. बोलण्याआधी तो दर वेळी चष्मा पुसायचा.

"एखादा मदतनीस माहिती आणायला मधेच बाहेर जातो, भाऊ. त्याची जागा दुसऱ्याला दिली, तर परतल्यावर त्याला सगळं पहिल्यापासून वाचावं लागतं."

"आणि त्याला फार उशीर होणार असेल तर?"

"मग द्यायचीच. रांग मोठी असते."

माझी पत्नी वारली. महिन्याने, दुपारच्या पिवळ्या उजेडात, झोपेत चालावं तसा मी पुन्हा वाचनालयात पोचलो. परीक्षेची मुलं जागेसाठी ताटकळत होती. माझ्या खुर्चीवर त्याची पिशवी होती, समोर माझं पुस्तक, आत खुणेचा कागद.

"रांग मोठी आहे की," मी म्हणालो.

त्याने चष्मा पुसला, खुर्चीवरची पिशवी उचलली आणि अहिराणीत म्हणाला, "तुमनी जागा शे, भाऊ."

मी खुणेचं पान उघडलं. मागचं सगळं आठवत होतं.