आईला कॅमेरा नको होता

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा दादा अमेरिकेत होता. त्याला लगेच निघता येत नव्हतं. हॉस्पिटलमधले लोक म्हणाले, "राउंडच्या वेळी त्यांना व्हिडिओवर घ्या, म्हणजे त्यांनाही सगळं कळेल." फोन धरायचं काम माझ्याकडे आलं.

डॉक्टर आले की मी पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत अंग चोरून उभी राहायचे. डॉक्टर फोनकडे बघून बोलायचे. दादा सांगायचा, "नळी दाखव. उजवा हात दाखव. आता चेहरा." हात अवघडून फोन जरा हलला की ओरडायचा, "अगं, नीट धर ना!" दिवसभर आईजवळ मी असायचे; मला कोणी काही विचारत नसे.

आई सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत भाजी आणायलासुद्धा इस्त्रीच्या साडीशिवाय कधी खाली उतरली नाही. आता नाकात नळी, कवळी काढलेली, तोंड वाकडं झालेलं. वाचाही गेली होती.

एका सकाळी फोन समोर आला आणि तिने डोळे घट्ट मिटले.

"ग्लानी असेल," डॉक्टर म्हणाले.

पण आत्ताच तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मी फोन खाली घेतला. डोळे उघडले. वर धरला, पुन्हा मिटले. नको म्हणायला तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

मी वाकून विचारलं, "आई, कॅमेरा नको?"

डाव्या हाताने तिने माझी बोटं दाबली. मी कॅमेरा बंद केला.

"काय झालं? मला काही दिसत नाहीये," दादा म्हणाला.

"तिला नकोय, दादा. तू नुसतं बोल."

"मी इतक्या लांब. आईला बघूही नको?"

डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले. मी फोन तिच्या कानाजवळ उशीवर ठेवला. मग दादा म्हणाला, "आई, इथे मेथी मिळाली. भाजी केली. कडूजहर झाली."

आईचा डावा गाल हलला.

"हसली," मी सांगितलं.

"खरंच?" म्हणाला आणि रडायलाच लागला.

तिची वाचा परत आली नाही. दादाला सुट्टी मिळाली तोवर आम्ही तिला घरी आणलं होतं. तो बॅग घेऊन खोलीच्या दाराबाहेरच थांबला आणि मला हळूच म्हणाला, "आधी तिला विचार, आत येऊ का?"