पूजेला कोण बसणार

हिराकाकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी टाइल्सच्या भावावरून वाद घालत होतो. फोन ठेवला, पुन्हा बोलायला गेलो, तर आपण कुठल्या आकड्यावर होतो तेच आठवेना…

पनवेलजवळच्या विचुंब्यातली आमची इमारत उभी आहे तिथं पूर्वी काकीचं भातशेत होतं. बिल्डरनं बदल्यात तळमजल्यावर घर दिलं. मी डोक्यावरून टाइल्स वाहून वर आलेला माणूस. दुकान, घर, सगळं घासाघीस करून मिळवलेलं. इमारतीत पहिलं बिऱ्हाड आमचं, म्हणून पहिल्या सत्यनारायणाला आम्ही नवरा-बायकोच बसणार, हे मी धरून चाललो होतो. सुनंदानं, माझ्या बायकोनं, शालूला इस्त्रीसुद्धा करून आणली. आयत्या वेळी सोसायटीनं दुसऱ्या मजल्यावरचं एक भाडेकरू जोडपं बसवलं. मी खाली तमाशा केला आणि सगळ्यांशी बोलणं टाकलं. सुनंदालाही खाली जाऊ देईना. ती दुपारभर खिडकीशी बसून बायकांचं हसणं ऐकायची. मला ते दिसत होतं, पण राग मोठा होता.

पुढच्या वर्षी पूजेच्या आदल्या दिवशी काकी दारात. “तू पूजेला येऊ नको. पन बाजारात चल. केळीवाला मना फसवतो.”

आयुष्यभर पनवेलच्या बाजारात भाजी विकलेली बाई. तिला कोण फसवणार, हे माझ्या डोक्यात दोन वर्षांनी शिरलं. मग दर वर्षी मी भाव करायचो, ती मागून कुजबुजायची, “अजून वढ.” परतल्यावर पिशव्या सुनंदाच्या हातात. “खाली पोचव गो, माजे गुडघे नाय चालत.” खाली गेलेली सुनंदा संध्याकाळीच वर यायची.

पुढे सुनंदाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ज्यांना मी शिव्या दिल्या होत्या त्यांच्याच घरून डबे आले. एकाला विचारलं तर म्हणाला, “काकीनं वार वाटून दिलेत. आमचा गुरुवार.”

शेवटच्या भेटीत काकी पलंगावर होती. मी सवयीनं जुनंच उगाळत बसलो, “पहिल्या पूजेतून आमचं नाव कुणी कापलं ते काही कळलं नाही.”

“मीच,” ती म्हणाली. “त्या दोगांशी कोनी बोलत नव्हता. तुला काय, तू भांडून तरी बोलतोस.”

मी चहा न घेता उठलो. चार दिवसांनी ती गेली. राग अजून पुरता गेलेला नाही, आणि आता भांडायला ती नाही… तिच्या घराचं दार सून दुपारी उघडंच ठेवते. सुनंदा तिथंच असते.

गेल्या आठवड्यात सेक्रेटरी आले. “यंदा तुम्ही दोघं बसा.” मी सुनंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, “चौथ्या मजल्यावर नवीन आलेत, कायम दार लावून असतात. त्यांना विचारलंत?”

मी तिच्यावर ओरडलो. मग चिडूनच जिने चढलो आणि बेल दाबली. एका तरुणानं दार अर्धंच उघडलं. मी तक्रार घेऊन आलोय असं त्याला वाटलं असावं. “आम्ही भाडेकरू आहोत, काका.”

“माहीत आहे. रविवारी सत्यनारायणाला तुम्ही दोघांनी बसायचं. सकाळी काही खाऊ नका.”

आतून त्याच्या बायकोनं विचारलं, “कोण आहे?”

तो आत वळला. मग म्हणाला, “शेजारी आहेत आपले.”